कोणाचं संचित?

२००८ सालच्या उन्हाळ्यात चीनच्या वायव्येकडच्या कान्सू प्रांतात, लान्चौ शहरातल्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे एक विचित्र तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागली. बाळ लघवी करताना किंचाळतं. मग लघवी कमी होते. मग होतच नाही. सोनोग्राफी केली की मूत्रपिंडांत खडे, पुष्कळदा दोन्हीकडे. मुतखडा म्हटलं की कमरेवर हात दाबून गडबडा लोळणारा चाळिशीचा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. हे रुग्ण मात्र अजून धड बसायलाही शिकले नव्हते. त्यांचं जेवण म्हणजे डब्यातल्या पावडरीचं दूध, आणि डबाही बहुतेकांकडे एकाच कंपनीचा, सानलूचा.

डॉक्टर विचारतो, बाळ काय पितं? घरातली आजी विचारते, कुणाचं पाप बाळाला भोवलं? दोघंही कारणच विचारताहेत. पहिल्याचं उत्तर डब्यात सापडलं. दुसऱ्याचं कुठे शोधायचं, यावर आशिया खंडात अडीच हजार वर्षं वाद चालू आहे.

चीनमध्ये त्याचं एक जुनं उत्तर आहे. हान काळाच्या उत्तरार्धातल्या ‘थायपिंग चिंग’ या ताओवादी ग्रंथात ‘छंगफू’ नावाची कल्पना येते: पूर्वजांच्या चुका पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात आणि ते ओझं वंशजांच्या खांद्यावर येतं. सज्जनाच्या घरी दुःख का, याचा त्या ग्रंथाने लावलेला हा अर्थ. पुढे बौद्ध भिक्षूंबरोबर दुसरं उत्तर गेलं, स्वतःच्याच मागच्या जन्माचं. मराठी घरांत ही दोन्ही उत्तरं एकाच माजघरात नांदतात. पोर सतत आजारी पडलं की एक म्हणते ‘त्याचे भोग’, दुसरी म्हणते ‘वाडवडिलांचं काही राहिलं असेल’. वेदान्ताने कर्माचे तीन वाटे केले: साठलेलं ते संचित, त्यातलं भोगायला काढलेलं ते प्रारब्ध आणि आत्ता हातून घडतं आहे ते क्रियमाण. रोजच्या बोलण्यात पहिले दोन सारखे ऐकू येतात. तिसरा क्वचितच.

मुतखड्याला ‘संचित’ हा शब्द मात्र अक्षरशः लागू पडतो. लघवी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा पाक. त्यात कॅल्शियम असतं, ऑक्झलेट असतं, फॉस्फेट, युरिक आम्ल असतं. कॅल्शियमशिवाय हाड नाही, फॉस्फेटशिवाय पेशी चालत नाही. बाकीचे दोन म्हणजे शरीराचा रोजचा केरकचरा. पाणी पुरेसं असेल तोवर सगळे निमूट वाहून जातात. पाणी कमी पडलं किंवा क्षार वाढले, की पाक पक्का होतो आणि खडे धरू लागतो. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात, त्याच्याभोवती स्फटिक जमतात. मूत्रपिंडातही असाच एखादा आधार मिळाला की थरावर थर चढतात. आणि पाक धरू नये म्हणून घरची बाई त्यात लिंबू पिळते. तिथलं रसायन वेगळं, पण लघवीतही सायट्रेट नावाचा एक पहारेकरी असतोच. तो कॅल्शियमला स्वतःकडे धरून ठेवतो आणि ऑक्झलेटशी त्याची गाठ पडू देत नाही. ज्या मुलांच्या लघवीत सायट्रेट कमी, त्यांना धोका जास्त. खारट खाणं वाढलं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं, तोही धोका. फार लवकर जन्मलेल्या बाळांना फुप्फुसांसाठी लघवी वाढवणारी काही औषधं द्यावी लागतात. त्यानेही मूत्रपिंडात कॅल्शियम साचू शकतं. म्हणजे बाळाला जगवणारं औषधच इथे एक कारण ठरतं.

न्यायदर्शनाच्या पंडितांना, नैयायिकांना, हे ऐकून आनंद झाला असता. एका कारणाने कार्य होत नाही, सगळी कारणसामग्री जमावी लागते, हे त्यांचं म्हणणं. त्या सामग्रीत त्यांनी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट धरली: प्रतिबंधकाचा अभाव. अग्नी आहे, लाकूड आहे, पण जवळ विशिष्ट मणी असेल तर अग्नी जाळत नाही. म्हणून मणी नसणं हेही जळण्याचं एक कारण. शाळेत हे उदाहरण वाचताना हसू येतं. सायट्रेट हा तो मणी आहे असं कळलं की येत नाही.

आयुर्वेदाने मुतखड्याला, म्हणजे अश्मरीला, आठ महारोगांत बसवलं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि वात, पित्त, कफ या दोषांमुळे होणाऱ्या तिन्ही अश्मरी मुख्यतः लहान मुलांना होतात, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. कारणं कोणती? जड, गोड, थंड खाणं, भुकेपेक्षा जास्त खाणं, दिवसा झोपणं. खडा बनतो कसा, हे सांगायला सुश्रुत घागर पुढे करतो. नव्या घागरीत अगदी स्वच्छ पाणी भरून ठेवलं तरी काही काळाने तळाशी गाळ दिसतो, तसंच हे. दुसरी उपमा आकाशातली: वारा आणि विजेचा अग्नी मिळून पाण्याची गार बनवतात, तसे वात आणि पित्त बस्तीतल्या, म्हणजे मूत्राशयातल्या, कफाला घट्ट करतात.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. याच निदानस्थानात दोनच अध्याय पुढे कुष्ठाचं, म्हणजे त्वचारोगांचं वर्णन येतं. तिथे सुश्रुत पापकर्माचा उल्लेख करतो: सज्जनाचा वध, दुसऱ्याच्या धनाचं हरण वगैरे. म्हणजे रोगाला पाप जोडायची पद्धत त्याला ठाऊक होती. तरीही मुलांच्या अश्मरीपाशी आल्यावर तो पाप काढत नाही, घागर काढतो. कुष्ठाच्या रोग्याला मात्र त्याने मोकळं सोडलं नाही, आणि त्याचा त्रास त्या बिचाऱ्यांनी पुढे शतकानुशतकं सोसला. पण निदान मुलांच्या बाबतीत घागरीचं खापर पोराच्या डोक्यावर फुटलं नाही.

लान्चौच्या बाळांच्या लघवीत गाळ कुठून आला?

महाराष्ट्रात दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. त्याच्या दुधाचा दर ‘फॅट’ आणि ‘डिग्री’वर ठरतो, म्हणून दूधवाढीचे सगळे डाव त्या दोन आकड्यांना फसवण्यासाठी खेळले जातात, युरिया घातलेलं दूध पकडल्याची बातमी इथेही अधूनमधून येतेच. चीनमध्ये दर प्रथिनांवर होता. दुधात पाणी घातलं की प्रथिनं कमी भरतात. पण प्रथिनं मोजण्याची रूढ चाचणी प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि एका ठरीव आकड्याने गुणते. ज्याला हे कळलं त्याला वाट सापडली. प्लास्टिकच्या ताटवाट्या ज्यापासून करतात त्या मेलामाइनच्या वजनात दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो. एक ग्रॅम मेलामाइन त्या चाचणीला चार ग्रॅमांहून जास्त प्रथिनांसारखं दिसतं. पाणी घाला, पूड घाला, आकडा जागच्या जागी.

मेलामाइन गिळलेल्या मोठ्या माणसाला बहुधा काही झालं नसतं. बाळाचं मात्र पूर्ण अन्नच ते दूध, दिवसातून सहा-सात वेळा. त्यात तान्ह्या मुलांच्या लघवीत युरिक आम्लाचं प्रमाण मुळातच जास्त. मेलामाइन आणि युरिक आम्ल एकमेकांना घट्ट धरतात आणि दोघं मिळून खाली बसतात. हा खडा वाळूसारखा भुसभुशीत असतो आणि साध्या एक्स-रेत धड दिसतही नाही. वेळेवर कळलं तर भरपूर पाणी आणि लघवीचं आम्ल कमी करणारी औषधं एवढ्याने पुष्कळदा निघून जातो. दोन्ही मूत्रवाहिन्या एकदम तुंबल्या तर मात्र मूत्रपिंडं बंद पडतात.

आता यात युरिक आम्ल कुणाचं संचित? बहुतेक सस्तन प्राण्यांकडे युरिक आम्लाचं विघटन करणारं एक विकर असतं. माणसाकडे आणि त्याच्या जवळच्या वानरभाईबंदांकडे ते नाही; कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या सामाईक पूर्वजांत त्याचं जनुक निकामी झालं. छंगफूवाल्याला हवा होता तसा वाडवडिलांचा वारसा इथे खरोखर आहे. फक्त तो सगळ्यांना सारखाच मिळालेला आहे. त्यातून एखाद्या घरावर ठपका ठेवता येत नाही.

सरकारी आकड्यांनुसार सुमारे २,९४,००० मुलं बाधित झाली, पन्नास हजारांहून जास्त रुग्णालयात दाखल झाली, सहा दगावली. सानलूच्या एक किलो पावडरीत अडीच ग्रॅमपर्यंत मेलामाइन सापडलं. ती एकटी नव्हती. १०९ उत्पादकांची तपासणी झाली, त्यांतल्या २२ जणांच्या मालात ते निघालं. कंपनीकडे तक्रारी २००७ च्या डिसेंबरपासून येत होत्या. मधे बीजिंगचं ऑलिंपिक झालं. ११ सप्टेंबर २००८ ला शांघायच्या एका दैनिकाच्या बातमीदाराने, च्येन क्वांगचौने, कंपनीचं नाव उघड छापलं, तेव्हा गोष्ट बाहेर फुटली. त्याच महिन्यात भारताने चिनी दुधाच्या आयातीवर बंदी घातली.

यातला सगळ्यांत कडू भाग वेगळाच आहे. मुलांच्या मूत्राशयातला खडा हा एके काळी गरिबीचा रोग होता. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात तो इतका बोकाळला होता की अठराव्या शतकात उघडलेलं नॉरिचचं रुग्णालय खडे काढण्यासाठीच ओळखलं जाऊ लागलं. धान्याच्या पिठावर वाढलेली, दूध क्वचित मिळणारी मुलं, त्यातही मुलगे जास्त. विसाव्या शतकात आहारसंशोधक रॉबर्ट मॅककॅरिसनने निलगिरीतल्या कुन्नूरला उंदरांना नुसत्या धान्यावर ठेवून त्यांच्यात खडे घडवून दाखवले. आहारात दूध घातलं की ते टळत. युरोपातून हा रोग हटला त्यात घरोघरी पोहोचलेल्या दुधाचा वाटा मोठा. म्हणजे जे औषध होतं तेच २००८ मध्ये खडा घेऊन आलं.

राजगृहात सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला नेमका आजीचा प्रश्न विचारला होता, हे संयुत्त निकायात नोंदलेलं आहे. काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळे; तुमचं काय मत? बुद्धाचं उत्तर जवळजवळ वैद्याचं आहे. काही वेदना पित्तातून येतात, काही कफातून, काही वातातून, काही तिन्ही बिघडल्यामुळे. काही ऋतू बदलल्यामुळे, काही स्वतःची काळजी नीट न घेतल्यामुळे, काही बाहेरून झालेल्या आघातामुळे, आणि काही कर्मविपाकातून. आठांत एक. हे स्वतः पाहून कळतं आणि जगही ते मानतं. तेव्हा सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे जाणण्याच्या पलीकडे धावतात आणि चुकतात. बुद्धाने कर्म फेकून दिलेलं नाही. त्याने त्याला रांगेत उभं केलं, तेही आठवं. लान्चौच्या बाळाला यातला सातवा वाटा लागू पडेल, बाहेरून झालेल्या आघाताचा. तो आघात डब्यातून, चमच्याने, आईच्याच हाताने आला, एवढाच फरक.

चरकसंहितेचा एक संवाद तर या प्रकरणासमोर ठेवून लिहिल्यासारखा वाटतो. उन्हाळ्याच्या अखेरीस कांपिल्यात, गंगेकाठच्या वनातून फिरताना अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच रोगाने एकाच वेळी अख्खा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? प्रश्न मोठा मार्मिक आहे, कारण व्यक्तिगत प्रारब्धाचा हिशोब इथेच अडकतो. तीन लाख बाळांचं प्रारब्ध एकाच वर्षी, एकाच डब्यात कसं पिकलं? आत्रेय सांगतात की वायू, पाणी, देश आणि काळ हे सगळ्यांचे सामाईक असतात. ते बिघडले की सगळेच आजारी पडतात. मग ते का बिघडतात, यावर ते एक पायरी आणखी खाली उतरतात. मुळाशी अधर्म. कुणाचा? रोग्याचा नव्हे. देशाचे, नगरांचे, व्यापारी संघांचे जे मुख्य असतात ते धर्म ओलांडून वागू लागतात, आणि त्यांच्या आधाराने जगणारे लोक नि व्यवहारावर पोट भरणारे तो अधर्म वाढवत नेतात. पावसाचं आणि देवतांचं जे विवेचन पुढे येतं ते आजच्या वाचकाला पटो न पटो. पण दूध संकलन केंद्रावरचा दलाल, कारखान्याची प्रयोगशाळा, नगरातले अधिकारी ही साखळी त्या वर्णनात नावांशिवाय तशीच्या तशी उभी आहे. चरकाने ‘कर्म’ शब्द टाकला नाही. त्याने तो मागच्या जन्मापुरता न ठेवता बाजारपेठेत आणला.

बाबासाहेब आंबेडकरांना खटकलं ते याच्या उलट. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माने आजचं दुःख समजावणारा सिद्धान्त ते बुद्धाचा मानत नाहीत, आणि त्याचा खरा उपयोग कुणाला होतो हेही दाखवतात: गरिबाच्या हालांची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता येते. आजी मात्र असं काही झटकायला निघालेली नसते. ती घाबरलेली असते. आपल्याच हातून काही चुकलं का, या भीतीला ती जन्मापलीकडे ढकलते, कारण इकडे ठेवली तर ती सुनेच्या अंगावर येईल. हा दिलासा खोटा म्हणून सहज हिणवता येतो. त्याच्या जागी काय ठेवायचं, हे हिणवणाऱ्याने सांगितलेलं फारसं ऐकू येत नाही.

आणि काही मुलांच्या बाबतीत बाजारात बोट दाखवायला कुणीच नसतं. १८१० मध्ये लंडनच्या विल्यम वुलस्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयातून निघालेल्या खड्यात एक अनोळखी पदार्थ ओळखला. मूत्राशयाच्या ग्रीक नावावरून पुढे त्याला सिस्टीन म्हणू लागले. इंग्रज डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरडने १९०८ च्या व्याख्यानांत जन्मजात चयापचय-विकारांची कल्पना मांडली, त्या चार विकारांत सिस्टीनचा हा आजार होता. मूत्रपिंड सिस्टीन रक्तात परत घेऊ शकत नाही, ते लघवीत उतरतं, तिथे विरघळत नाही आणि खडे होत राहतात. असाच दुसरा, त्याहून क्रूर आजार यकृतात ऑक्झलेट बेसुमार बनवतो आणि कधी कधी वर्षाच्या आतच मूत्रपिंडं निकामी करतो. त्यात आई-बाप दोघंही ठणठणीत. दोघांकडे एकेक सदोष प्रत, आणि दर खेपेला चारांत एक शक्यता की बाळाला दोन्ही मिळाव्यात. डॉक्टर म्हणतो ‘जनुकीय दोष’. मराठीत दोष म्हणजे वैगुण्य, दोष म्हणजे अपराधही. डॉक्टर पहिल्या अर्थाने बोलतो, समोर बसलेली आई दुसऱ्या अर्थाने ऐकते, आणि दोघांना वाटतं की आपण एकच बोललो. या दुसऱ्या आजारावर २०२० पासून ऑक्झलेट बनणंच रोखणारं इंजेक्शन निघालं आहे. ज्याला अनेक घरांनी शाप म्हटलं असतं त्यावर इंजेक्शन निघतं, ही प्रारब्धाच्या हिशोबात न बसणारी नोंद आहे.

तरी थोडं उरतंच. तीच पावडर, तितकीच प्यालेली दोन बाळं. एकाला खडे, एकाला नाहीत. एकाच्या लघवीत सायट्रेट जास्त असेल, एकाला घरात पाणीही पाजत असतील. शोधत गेलं की आणखी दोन-चार गोष्टी सापडतील. शेवटी ‘हेच बाळ का’ एवढं शिल्लक राहतं. शास्त्र त्याला योगायोग म्हणतं, आजी प्रारब्ध म्हणते. दोघांनाही त्याच्या पुढचं दिसत नाही. फरक पडतो तो शब्द उच्चारल्यावर. योगायोग म्हटलं की पुढच्या बाळासाठी डबा तपासायला माणूस मोकळा राहतो. प्रारब्ध म्हणूनही तो तपासता येतो, पण पुष्कळदा तपासला जात नाही.

कमी नाट्यमय प्रकारही पाहावेत. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. संध्याकाळची त्यांची लघवी गडद पिवळी. केरळातल्या शाळांत २०१९ मध्ये ‘पाण्याची घंटा’ सुरू झाली, ठरल्या वेळी सगळ्यांनी पाणी प्यायचं. घंटेला उत्तर मिळायचं तर शेजारी नळ आणि दार लागणारं स्वच्छतागृह लागतं. त्या मुलींच्या मूत्रपिंडात साचत जातं ते कुणाचं क्रियमाण, हे शोधायला पोथी काढावी लागत नाही.

सुश्रुताने अश्मरी काढण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटचा उपाय म्हणून सांगितली. शस्त्र न लावलं तर मृत्यू नक्की, लावलं तर संशय. म्हणून आधी ‘ईश्वरा’ची परवानगी घ्यावी, असं तो वैद्याला बजावतो. इथे ईश्वर म्हणजे राजा, असाच अर्थ लावतात. ज्याला विचारायचं तो देव्हाऱ्यात बसलेला नाही, सिंहासनावर बसलेला आहे.

चीनच्या राजसत्तेने आपला निवाडा दिला. सानलूच्या अध्यक्ष थिएन वनह्वा यांना जानेवारी २००९ मध्ये जन्मठेप झाली. मेलामाइनची पूड बनवणारा आणि ती घालून दूध विकणारा, अशा दोघांना नोव्हेंबर २००९ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. ज्याच्या स्वतःच्या मुलाला खडे झाले होते आणि ज्याने इतर आईबापांना एकत्र आणलं, त्या चाओ लिएनहाय यांनाही शिक्षा झाली: सार्वजनिक शांतता बिघडवल्याबद्दल, नोव्हेंबर २०१० मध्ये, अडीच वर्षांची. भरपाईचे दर ठरले. मृत्यूला दोन लाख युआन, गंभीर आजाराला तीस हजार, बाकीच्यांना दोन हजार. पुढे त्रास झाला तर उपचारांसाठी एक निधीही ठेवला गेला, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. त्या वर्षी जन्मलेली बाळं २०२६ मध्ये अठराची होतात.